एकट्याने चालवावयाची शिडाची होडी : साहित्याची निवड

शिडाची होडी म्हटली की कोकण किनाऱ्यावरची मोठी गलबते आणि मचवे आपल्या डोळ्यांसमोर येतात. त्यांवर तांडेल असतो, खलाशी असतात, आणि कामाची वाटणी ठरलेली असते. याहून निराळी अशी एक छोटी होडी आहे. तिच्यात एकच माणूस बसतो. शीडही तोच आवळतो आणि सुकाणूही तोच धरतो. तिला डिंगी म्हणतात. हा शब्द इंग्रजीने आपल्याच देशातील भाषांतून उचललेला आहे. अशी होडी घरच्या अंगणात, साध्या सुतारी हत्यारांनी बांधता येते. मात्र ती कशी बांधावी या प्रश्नाच्या आधी ती कशाची बांधावी हा प्रश्न सोडवावा लागतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

यासाठी ऑप्टिमिस्ट या होडीचे उदाहरण घेऊ. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात क्लिअरवॉटर नावाचे गाव आहे. तेथील मुलांना कमी खर्चात शिडाची होडी मिळावी म्हणून 1947 साली क्लार्क मिल्स या नौकाबांधणी करणाऱ्या कारागिराने तिचा आराखडा केला. बाजारात प्लायवुडचे तक्ते 8 फूट लांब आणि 4 फूट रुंद मिळतात. मिल्सने होडीची लांबी सुमारे पावणेआठ फूट ठेवली, त्यामुळे जोड न देता एकाच तक्त्यातून तिची एक बाजू निघू लागली. पुढचे टोक निमुळते न करता सपाट ठेवले, कारण तक्ता फारसा वाकवावा लागू नये. म्हणजे येथे आकारावरून साहित्य ठरले नाही. हाताशी असलेल्या साहित्यावरून आकार ठरला. आज ही होडी बहुधा काचतंतूची बनते आणि जगभरातील मुले तिच्यावर शिडाचे पहिले धडे घेतात. घरी बांधणाऱ्याने घेण्याचा बोध मात्र तोच आहे : आधी साहित्य ओळखावे.

साहित्य निवडताना तीन कसोट्या लावाव्यात. ते पाण्यात टिकेल का? ते हलके आहे का? आणि बिघडल्यास आपल्याला दुरुस्त करता येईल का? पहिल्या कसोटीला सर्वांत अधिक महत्त्व आहे. एकट्याच्या होडीत पाणी उपसायला दुसरा हात नसतो. किनाऱ्यापासून दूर एखादा सांधा सुटला, तर चूक बांधणाऱ्याची असते आणि संकट चालवणाऱ्यावर येते. आणि चालवणारे पुष्कळदा लहान मूल असते.

प्रथम प्लायवुड पाहू. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक आडवे-उभे चिकटवून प्लायवुड बनते. त्याचे बळ लाकडाइतकेच त्या पापुद्र्यांमधील चिकटद्रव्यावर अवलंबून असते. घरातील कपाटासाठी चालणारे प्लायवुड पाण्यात राहिले की पापुद्रे सुटू लागतात. म्हणून होडीसाठी भारतीय मानक 710 प्रमाणे बनवलेले मरीन प्लायवुडच घ्यावे. या मानकात नमुना 72 तास उकळून त्याची परीक्षा होते. तक्त्यावरचा शिक्का पाहावाच, पण तेवढ्यावर विसंबू नये. कडेला पापुद्र्यांमध्ये फटी दिसतात का ते बघावे. बोटाने ठोकत जावे. मधेच पोकळ आवाज आला तर आत खळगा आहे असे समजावे. शक्य तर एक तुकडा मागून घ्यावा, काही तास उकळावा, वाळवावा आणि पुन्हा उकळावा. कडा उलगडली तर तो तक्ता होडीच्या उपयोगाचा नव्हे.

दुसरी कसोटी वजनाची. आपल्याकडील मरीन प्लायवुड बहुधा गर्जनसारख्या जड लाकडाचे असते. 8 बाय 4 फुटांचा 6 मिलिमीटर जाडीचा असा तक्ता साधारण 12 किलो भरतो. पाश्चात्त्य बांधणीत वापरले जाणारे ओकुमे जातीचे प्लायवुड त्याच मापात 8 किलोंच्या आसपास असते, परंतु ते महाग पडते आणि सहज मिळत नाही. चार तक्त्यांमागे हा फरक 16 किलोंचा होतो. तो होडी पाण्यात ढकलताना हातांना आणि मंद वाऱ्यात शिडाला जाणवतो. तरीही हलकेपणासाठी कमी प्रतीचे प्लायवुड घेणे कधीच परवडत नाही. त्यापेक्षा जाडी विचारपूर्वक ठरवावी आणि जेथे ताण पडतो तेथेच आतून आधाराच्या पट्ट्या द्याव्यात.

काठाच्या पट्ट्या, तळाचा कणा आणि सुकाणू यांना भरीव लाकूड लागते. साग टिकाऊ खरा, पण त्याच्या अंगच्या तेलामुळे चिकटद्रव्य नीट धरत नाही. जोडण्यापूर्वी पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून घ्यावा लागतो. लाकूड कोणतेही असो, ते वाळलेले, सरळ रेषांचे आणि गाठी नसलेले असावे. ओले लाकूड आज बसते आणि उद्या आकसून सांधा उघडते.

आता चिकटद्रव्याकडे वळू. सुतार नेहमी वापरतात तो पांढरा गोंद घरातील खुर्चीला उत्तम, पण पाण्यात मऊ पडतो. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त असते, मात्र लाकडाला त्याची पकड कमी बसते. इपॉक्सी महाग असले तरी लाकडात मुरते, लहान फटी भरते आणि पाणी अडवते. ‘टाका आणि चिकटवा’ ही पद्धत आज घरबांधणीत रूढ आहे. ब्रिटनमध्ये 1962 साली आलेल्या मिरर नावाच्या होडीने ती लोकप्रिय केली. तीत प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवतात आणि सांध्यावर काचतंतूची पट्टी रेझिनने बसवतात. लाकूड, इपॉक्सी आणि काचतंतू यांचा हा मेळ केवळ लहान होडीपुरता नाही. कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये ज्या ‘म्हादेई’ नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती गोव्यात याच तत्त्वावर बांधली गेली होती.

इपॉक्सीचे दोन भाग उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावेत. घट्ट व्हावे म्हणून कठिणक जास्त घातल्यास सांधा उलट कच्चा राहतो. कडक उन्हाळ्यात मिश्रण भांड्यातच तापून घट्ट होते, म्हणून ते थोडे थोडे कालवावे. पावसाळी दमट हवेत पृष्ठभागावर मेणचट थर येतो; तो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा थर देऊ नये. हातमोजे घालावेत आणि घासकाम करताना तोंडावर मुखपट्टी बांधावी, कारण वारंवार स्पर्शाने या द्रव्याची कायमची ॲलर्जी जडू शकते. शिवाय उन्हाने इपॉक्सी खराब होते, म्हणून त्यावर रंग किंवा उन्हापासून राखणारे व्हार्निश हवेच.

स्क्रू आणि खिळे लोखंडाचे नसावेत. खाऱ्या पाण्यात पितळही फसवते. त्यातील जस्त विरघळते आणि उरलेला स्क्रू दिसायला शाबूत पण आतून ठिसूळ होतो. तांब्याचे खिळे, सिलिकॉन-कांस्य किंवा 316 प्रतीचे स्टेनलेस स्टील वापरावे. डोलकाठी ॲल्युमिनियमची असेल तर स्टीलचा स्क्रू तिला थेट भिडू देऊ नये; दोन धातूंमध्ये खारे पाणी आले की ॲल्युमिनियम झिजते. मध्ये प्लास्टिकची चकती पुरते.

शिडासाठी पॉलिएस्टरचे कापड घ्यावे. सुती कापड ताणले जाते आणि ओले ठेवल्यास बुरसते. सरावापुरते ताडपत्रीचे शीडही चालते. शीड आवळण्याचा दोर पॉलिएस्टरचा असावा. नायलॉन ताणले जाते, म्हणून ते नांगराला योग्य, शिडाला नव्हे. पॉलिप्रोपिलीनचा दोर पाण्यावर तरंगतो, पण उन्हात लवकर कुजतो.

सर्वांत शेवटी, परंतु मुळीच दुय्यम नव्हे, अशी बाब म्हणजे तरंगशक्ती. उलटलेली होडी सरळ केल्यावर ती पाण्याने भरलेली असते. तशाही स्थितीत तिने चालवणाऱ्याला घेऊन तरंगले पाहिजे, तरच त्याला पाणी उपसून परत येता येईल. एक लिटर बंदिस्त हवा साधारण एक किलो वजन तोलते, या हिशेबाने हवेच्या पिशव्या किंवा बंद पेशींचा फोम आतून घट्ट बांधावा. थर्मोकोल वापरणाऱ्याने लक्षात ठेवावे की पॉलिएस्टर रेझिनमध्ये ते विरघळते. होडी तयार झाल्यावर कमरेइतक्या पाण्यात ती मुद्दाम भरून पाहावी. प्रवाशाने अंगावर जीवरक्षक जाकीट घालणे हे तर गृहीतच आहे.

पैसे बेताचे असतील तर काटकसर कोठे करावी? रंग साधा चालेल, तो पुढे बदलता येतो. शीड वापरलेले चालेल, डोलकाठी जुनी चालेल, चकाकणाऱ्या पितळी शोभेच्या वस्तू तर नकोतच. प्लायवुड, चिकटद्रव्य, स्क्रू आणि तरंगशक्ती या चार ठिकाणी मात्र हात आखडता घेऊ नये, कारण रंगाखाली झाकल्यावर या गोष्टी पुन्हा कोणाला दिसत नाहीत, आणि पाण्यात होडी त्यांच्याच भरवशावर असते. कारखान्यातील होडीला तपासनीस असतो. घरी बांधलेल्या होडीचा तपासनीस तिचा बांधणाराच. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढे असे काम हाती घेतले, तर पहिला तक्ता कापण्यापूर्वी त्याने त्या तक्त्याचा एक तुकडा उकळून पाहावा, एवढीच सूचना.