अंत्य आघात आणि असंगत विश्वकिरण

सूर्यापासून सेकंदास सुमारे ४०० किलोमीटर वेगाने वाहणारा स्वनातीत सौरवात आंतरतारकीय वायूच्या दाबामुळे जेथे एकाएकी मंदावतो, त्या सीमेस अंत्य आघात म्हणतात. आघाताच्या दोन्ही बाजूंचे विस्कळित चुंबकीय क्षेत्र विद्युत्भारित कणास पुनःपुन्हा परतविते. परस्परांकडे सरकणाऱ्या दोन भिंतींमध्ये सापडलेल्या चेंडूप्रमाणे प्रत्येक फेरीत कणाची ऊर्जा थोडी वाढते.

१९७०नंतरच्या काही वर्षांत विश्वकिरणांच्या अल्प-ऊर्जा विभागात हेलियम, नायट्रोजन व ऑक्सिजन यांचे अनपेक्षित आधिक्य आढळले. कार्बनचे तसे आढळले नाही. १९७४ मध्ये फिस्क, कोझलोव्स्की व रामाटी यांनी याची उपपत्ती मांडली. आंतरतारकीय अवकाशातील उदासीन अणू चुंबकीय क्षेत्रास न जुमानता सूर्यमंडलात शिरतात, तेथे आयनित होतात आणि सौरवाताबरोबर बाहेर वाहून नेले जातात. कार्बन आंतरतारकीय अवकाशात बहुतांशी आधीच आयनित असल्याने आत येऊ शकत नाही. या आयनांना प्रवेग अंत्य आघातापाशी मिळतो, असे मत १९८१ मध्ये पेसेस, जोकिपी व आयक्लर यांनी मांडले.

‘व्हॉएजर-१’ने १६ डिसेंबर २००४ रोजी ९४ खगोलीय एकके अंतरावर हा आघात ओलांडला. अल्प ऊर्जेच्या कणांची संख्या तेथे वाढली. परंतु असंगत विश्वकिरणांची तीव्रता तेथे कमाल न होता आघातापलीकडे वाढतच गेली. ‘व्हॉएजर-२’ने २००७ मध्ये सुमारे ८४ एककांवर आघात ओलांडला, तेव्हाही तीव्रतेचा शिखरबिंदू तेथे आढळला नाही. शिवाय आघातानंतरचा सौरवात अपेक्षेहून पुष्कळच थंड होता. प्रवाहाची बरीचशी ऊर्जा आंतरतारकीय मूळ असलेल्या आयनांकडे गेली असावी, असा निष्कर्ष निघाला.

यावरून मूळ उपपत्ती खोटी ठरते काय? मॅककोमस व श्वाड्रन यांनी २००६ मध्ये सुचविले की, आघाताचा पृष्ठभाग बोथट असल्याने चुंबकीय रेषा त्याच्या अग्रभागाशी अल्पकाळच संलग्न राहतात. पुरेसा प्रवेग बाजूंच्या भागांत मिळतो. दुसऱ्या मतानुसार आघातापलीकडील चुंबकीय पुनःसंयोगच प्रवेगाचे कारण होय. यानांनी आघात दोनच ठिकाणी छेदला असल्याने निर्णय सोपा नाही.

प्रश्न केवळ सूर्यमंडलापुरता मर्यादित नाही. दीर्घिकेतील विश्वकिरणांची उत्पत्ती अतिनवताऱ्यांच्या आघातांत मानली जाते. तेथे उपकरणे नेता येत नाहीत. म्हणूनच ज्या आघातातून उपकरणे प्रत्यक्ष गेली, तेथील विसंगतीचे महत्त्व विशेष आहे.