रात्री उठणं नुसतं वयाचं नसतं

टेंभुर्णीच्या आसपास उजनीच्या पाण्यावर ऊस उभा आहे, आणि तिथं रात्री उठणाऱ्या शेतकऱ्याचं कुणाला नवल वाटत नाही. शेतीपंपाची लाईट रात्रपाळीला असली की बॅटरी घेऊन दारं धरायला जावंच लागतं. त्यामुळे साठी ओलांडलेला माणूस रात्रीतून चारदा लघवीला उठतो, बराच वेळ उभा राहतो, पुन्हा पडतो आणि तासाभरात पुन्हा उठतो, हे घरच्यांच्या लक्षात यायला वर्षं जातात. त्याला स्वतःला ते कळत असतं. तो बोलत मात्र नाही. फार तर उन्हाळी लागली असेल म्हणून धन्याचं पाणी पितो. कुणी विचारलंच तर म्हणतो, ‘वय झालं आता.’

वय झालं हे खरं आहे, पण त्यावर उपाय नाही हे खरं नाही.

मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीला वेढून प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. तरुणपणी तिचं वजन साधारण 20 ग्रॅम भरतं. चाळिशीनंतर तिचा नळीला लागून असलेला आतला भाग हळूहळू वाढू लागतो. साठीतल्या साधारण निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीच्या पुढे बहुतेकांत ही वाढ आढळते. ती कर्करोग नव्हे, आणि तिचा पुढे कर्करोगही होत नाही. कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो, त्यामुळे सुरुवातीला तो लघवीला त्रासच देत नाही. एकाच माणसात दोन्ही असू शकतात, म्हणून डॉक्टर बोटाने तपासतात आणि गरजेप्रमाणे रक्तातलं पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन, बघतात. ही बोटाची तपासणी मिनिटभराची असते. तिच्या भीतीने कित्येकजण दवाखान्याची पायरी चढत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘प्रोस्टेट 50 ग्रॅम’ वाचून माणसं हादरतात. पण नुसत्या वजनावरून त्रास ठरत नाही. कुणाची 35 ग्रॅमची ग्रंथी लघवी अडवते, तर कुणी 80 ग्रॅमची घेऊन निर्धास्त झोपतो. त्याच रिपोर्टमधला दुसरा आकडा जास्त मोलाचा आहे: लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती लघवी उरते. ती सतत उरत राहिली की संसर्ग होतो, खडे होतात. जोर लावून लावून मूत्राशयाचा स्नायू आधी जाड होतो, मग थकतो. पुढे दाब मागे किडनीपर्यंत पोचतो. हे सगळं फारसं न दुखता होऊ शकतं. त्यासोबत साखरही तपासून घ्यावी, कारण मधुमेहातही रात्रीची लघवी वाढते.

दुखतं ते लघवी तुंबल्यावर. ओटीपोट दगडासारखं होतं आणि एक थेंब बाहेर येत नाही. याला निमित्त पुष्कळदा साधं असतं. लांबच्या प्रवासात गाडी थांबवायचा संकोच करून लघवी दाबून धरलेली असते, लग्नात दारू झालेली असते, चार दिवस पोट साफ नसतं, किंवा मेडिकलमधून सर्दीची गोळी घेतलेली असते. सर्दीच्या अनेक गोळ्यांतलं नाक मोकळं करणारं औषध मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतं. अशा वेळी गरम पाण्याच्या शेकावर रात्र काढू नये. जवळच्या दवाखान्यात नळी घातली की काही मिनिटांत माणूस मोकळा होतो. नळी म्हणजे कायमचं अपंगत्व नव्हे. गोळी सुरू करून काही दिवसांनी नळी काढून बघतात आणि अनेकांना त्यानंतर आपोआप लघवी होते.

त्रास कमी असेल तर औषधही लागत नाही. संध्याकाळनंतर चहा-पाणी कमी करावं आणि अधूनमधून तपासून घ्यावं, एवढं पुरतं. त्यापुढे टॅमसुलोसिनसारखी गोळी आहे. ती स्नायू सैल करते आणि काही दिवसांतच धार सुधारते. उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून ती रात्री घ्यायला सांगतात. दुसरी फिनास्टेराइड. तिचा उगम विलक्षण आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत टेस्टोस्टेरॉनचं जास्त प्रभावी संप्रेरक बनवणारं एक एन्झाइम जन्मतःच कमी होतं. त्या पुरुषांची प्रोस्टेट म्हातारपणीही लहानच राहते, हे 1974 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून लक्षात आलं. तेच एन्झाइम रोखणारं हे औषध 1992 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याचा गुण यायला सहा महिने लागतात. महिन्याभरात ‘फरक नाही’ म्हणून सोडू नये. पीएसएचा आकडा या औषधाने निम्म्यावर येतो, तेव्हा तपासणी करताना ते घेत असल्याचं सांगायलाच हवं.

गोळ्या पुरेनाशा झाल्या, पुन्हा पुन्हा तुंबलं किंवा किडनीवर ताण आला की शस्त्रक्रिया. पोटावर चिरा न देता लघवीच्या मार्गातूनच दुर्बीण घालून अडवणारा भाग काढतात. लेसरनेही करतात. नंतर काही आठवडे ओझं, मोटरसायकल, ट्रॅक्टर बंद. पुरुषांच्या मनातली खरी भीती वेगळी असते, ती ते विचारत नाहीत. म्हणून इथे स्पष्ट लिहितो: ताठरता बहुतेकांची कायम राहते. वीर्य मात्र बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं. त्याने अपाय होत नाही. खर्चाची चिंता असेल तर सोलापूरच्या सिव्हिलमध्ये किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारावं.

तरुणांचं दुखणं निराळं. थंडी वाजून ताप, लघवीला आग आणि खाली ठणका असेल तर प्रोस्टेटला सूज आलेली असू शकते. तिथे प्रतिजैविकं पूर्ण मुदतीची, कधी काही आठवड्यांची, घ्यावी लागतात. चार गोळ्यांत बरं वाटलं म्हणून सोडलेली सूज पुन्हा उलटते.

जानेवारी 2024 मध्ये ब्रिटनच्या राजवाड्याने राजे चार्ल्स यांच्यावर वाढलेल्या प्रोस्टेटसाठी उपचार होणार असल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावर या आजाराचं पान बघणाऱ्यांची संख्या आदल्या दिवसाच्या दहापटींवर गेली. इतके लोक आधीपासून मनात घेऊन बसले होते. आपल्या गावात लोकांना बोलतं करायचं हे काम पारावर बसणारा एखादा ऑपरेशन झालेला माणूसही करू शकतो, फक्त त्याने मोकळेपणी सांगायला हवं.

सांगण्याची आणखी एक जागा आहे. मोतीबिंदूच्या शिबिरात नाव नोंदवताना टॅमसुलोसिन चालू असल्याचं नेत्रतज्ज्ञाला सांगा. या गोळीने बुबुळातला पडदा सैल पडतो आणि शस्त्रक्रियेत अडचण येऊ शकते. आधी कळलं तर डॉक्टर तशी तयारी ठेवतात. गोळी बंद करून काही महिने झाले तरी हा परिणाम राहू शकतो, म्हणून पूर्वी घेतली असली तरीही सांगा.