मूल वाचायला शिकताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भिवंडीत एकाच गल्लीत मराठी, उर्दू, तेलुगू, भोजपुरी कानावर पडते. तालुक्यात आगरी आणि कातकरी बोली आहेत. कित्येक पालक यंत्रमागावर, गोदामात नाहीतर वीटभट्टीवर राबतात. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे 5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचं उद्दिष्ट आहे. मात्र घरीदारी रुजलेले काही समज त्याच्या आड येतात.

गैरसमज : आम्हीच अडाणी, मुलाला काय शिकवणार?
वस्तुस्थिती : वाचनाचा पाया बोलण्यात घातला जातो. भाकरी थापता थापता आईने ‘माग, माती, मासा, यांत पहिला आवाज कोणता?’ असं विचारलं, तर मुलाचा कान तयार होतो. गोष्ट सांगणं, चित्र दाखवून ‘आता पुढे काय होईल?’ विचारणं, यालाही अक्षरओळख लागत नाही. राज्यात 2022 मध्ये ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात मातांचे गट केले गेले, ते याच विश्वासावर.

गैरसमज : बाराखडी पाठ झाली की वाचता आलंच.
वस्तुस्थिती : पाठांतर वेगळं, ओळख वेगळी. बाराखडी घडाघडा म्हणणाऱ्या मुलासमोर एकटा ‘कि’ ठेवा. पुष्कळ मुलं ‘क, का’पासून म्हणत तिथवर येतात. त्यातून ऱ्हस्व वेलांटी लिहिली जाते अक्षराआधी, उच्चारली जाते नंतर. म्हणून थोडी अक्षरं शिकवून लगेच शब्द वाचायला द्यावेत. म, क, ल आणि काना एवढ्यावर मका, माल, काल, मला, कमाल वाचता येतात. हे क्रमाने शिकवणं शाळेचं काम. ते पालकांवर ढकलू नये.

गैरसमज : घरची बोली वाचनाच्या आड येते.
वस्तुस्थिती : ओळखीचा शब्द मूल लवकर वाचतं, कारण त्याचा अर्थ त्याच्यापाशी आधीच असतो. शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं, असं 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगतं. शिक्षकांनी मुलाचा शब्द आधी स्वीकारावा, मग पुस्तकातला द्यावा. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगा (झोपडी) शाळा चालवल्या, त्या मुलं जिथे राहतात तिथे शाळा नेण्यासाठीच. मुलाच्या भाषेपर्यंतही शाळेने तसंच जायला हवं.

गैरसमज : मागे पडलं म्हणजे मूल ढ.
वस्तुस्थिती : सुरुवातीला अक्षरं उलटी लिहिणं सर्रास घडतं. आधी डोळे आणि कान तपासा, गैरहजेरी किती झाली ते पाहा. नीट शिकवूनही अडचण हटत नसेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. विशिष्ट अध्ययन अक्षमतेला 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे. मारणं, हिणवणं यांनी मूल पुस्तकालाच घाबरू लागतं.

पुढच्या पालकसभेत ‘पुस्तक कुठवर झालं?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘न शिकवलेला उतारा माझं मूल वाचतं का, आणि त्यात काय आहे ते स्वतःच्या शब्दांत सांगतं का?’ असं विचारा. अंगठा उठवणाऱ्या पालकालाही हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.