स्वभावाला औषध नाही, पण वय आहे

स्वभावाला औषध नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण पस्तिशीतल्या मित्रांच्या कुठल्याही गेट-टुगेदरला जाऊन बघा. हॉस्टेलवर शनिवारी रात्री ज्याला दोघांनी धरून खोलीत आणावं लागायचं, तोच आता एका बिअरवर दोन तास काढतो आणि दहाच्या ठोक्याला ‘निघतो रे, सकाळी पोरीची शाळा आहे’ म्हणत रिक्षा बोलावतो. त्याला कुणी व्यसनमुक्ती केंद्रात नेलं नव्हतं. मग झालं तरी काय?

काकू-मावश्यांचं उत्तर ठरलेलं: दोनाचे चार हात झाले, ताळ्यावर आला! शास्त्रज्ञांचाही बराच काळ भर यावरच होता. लग्न, नोकरी, मुलं. जबाबदारी पडली की बाटली सुटते.

पण एका दीर्घ अभ्यासातून वेगळंच काही पुढे आलं. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८७ साली पहिल्या वर्षाला आलेले ४८९ विद्यार्थी निवडले. त्यातल्या जवळपास निम्म्यांचे वडील दारूच्या आहारी गेलेले. या मुलामुलींना अठराव्या वर्षापासून पस्तिशीपर्यंत पुन्हा पुन्हा गाठून तेच विचारत राहिले: किती पिता, त्यापायी काय बिघडलं, स्वभाव कसा आहे? सतरा वर्षं! केवढी ही चिकाटी!

अँड्र्यू लिटलफिल्ड, केनेथ शेर आणि फिलिप वुड या संशोधकांनी २००९ मध्ये या उत्तरांतून काय काढलं? ज्यांचा उतावळेपणा आणि बारीकसारीक गोष्टींनी बेचैन होण्याचा स्वभाव जास्त निवला, त्यांचे दारूपायीचे घोटाळेही अधिक घटले. लग्न आणि मुलांचा हिशेब वेगळा काढला, तरी हे नातं टिकलं! म्हणजे काकू-मावश्यांनी वधूसंशोधन सुरू करण्याआधी थोडं थांबलेलं बरं. पोराला ताळ्यावर आणायला लावलेल्या लग्नात किंमत त्या मुलीला मोजावी लागते.

अर्थात दोन गोष्टी बरोबरीने बदलल्या म्हणून एकीने दुसरीला बदललं, असं म्हणता येत नाही. दारू कमी झाल्यानेही माणूस शांत होऊ शकतो. आणि सगळेच काही वयाबरोबर सावरत नाहीत. व्यसन जडलेल्या अनेकांना उपचारांची गरज असते.

पण खरी गंमत पुढेच आहे. याच संशोधकांनी नंतर विचारलं, स्वभाव आणि पेला यांना जोडतं कोण? वाटेल, मजा. वय वाढलं, मजेची हौस फिटली. पण आकडे तसं सांगेनात. दुवा निघाला तो वेगळाच: दुःख, ताण विसरायला पिणं. बेचैन स्वभावाचं ठीक आहे, पण उतावळ्या, धांगडधिंगा घालणाऱ्यांतही तेच!