माडीवरचें पाणी

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एक प्रसंग ओढवला. दिसावयास तो अगदीं क्षुल्लक. माडीवरील न्हाणीघराच्या नळाची धार बारीक होत होत करंगळीएवढी उरली, इतकेंच. परंतु ज्यांच्या घरीं एका टाकीवर दोन संसार चालतात, त्यांस करंगळीएवढ्या धारेंतून केवढें रामायण घडतें हें सांगावयास नको.

सदाशिव पेठेंतील आमचें घर वडिलांनीं १९७४ सालीं जुना वाडा पाडून बांधलें. खालीं मी, माझी पत्नी व नव्वदीला टेकलेली आई. माडीवर धाकटा भाऊ, त्याची पत्नी व दोन मुलें. सकाळीं महानगरपालिकेचें पाणी अंगणांतील जमिनीखालच्या टाकींत पडतें, तेथून पंपानें गच्चीवरील टाकींत चढतें, आणि मग स्वतःच्या भारानें दोन्ही मजल्यांवर उतरतें. पुण्यांतील बहुतेक जुन्या घरांची व्यवस्था हीच.

भावजयीस आठाच्या आंत कचेरीसाठीं निघावें लागतें. बादली भरेपर्यंत तिचा अर्धा वेळ जाई. "खालीं वहिनींनीं कपडे भिजविले कीं आमचा नळ रडूं लागतो," असें ती प्रथम हंसत म्हणाली. महिन्याभरानें न हंसतां म्हणाली. माझी पत्नी मग पहांटे चारला उठून कपडे धुऊं लागली, व तें तिनें सर्वांस ऐकूं जाईल अशा बेतानें केलें. शेवटीं एका संध्याकाळीं भाऊ माझ्यापुढें येऊन बसला व म्हणाला, "दादा, आम्ही आमची वेगळी टाकी बसवावी म्हणतों. गच्चीची पूर्वेकडची बाजू आमची धरावी." आई जवळच वाती वळीत होती. तिचे हात थांबले. आजवर त्या घरांत 'आमची बाजू' हा शब्द कोणी उच्चारला नव्हता.

नळकाम करणारा कारागीर येऊन गेला होताच. त्यानें तोटीखालीं बोट धरलें, "प्रेशरच नाहीं" असा निकाल दिला, आणि दोन हजार लिटरांची मोठी टाकी व गच्चीवर दाब वाढविणारा पंप मिळून अठ्ठावीस हजारांचा अंदाज लिहून दिला. नाडी न पाहतां मात्रा लिहून देणाऱ्या वैद्यांपैकीं तो होता. मीं भावाकडून एक रविवार मागून घेतला.

संस्कृत शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. यंत्रविद्या मला येत नाहीं. परंतु शाळेंत शिकलेलें थोडें पदार्थविज्ञान अजून आठवतें, आणि या कामास त्याहून अधिक लागत नाहीं. टाकी किती मोठी, यावर पाण्याचा दाब मुळींच अवलंबून नसतो. ती किती उंच, यावरच असतो. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें एक किलोग्रॅम भार घालतो, मग तो स्तंभ हौदाएवढा रुंद असो वा बोटाएवढा. आमच्या टाकींतील पाणी माडीच्या नळाहून सुमारें अडीच मीटर उंच, व खालच्या नळाहून सुमारें सहा मीटर. तेव्हां दोन हजार लिटरांची टाकी त्याच ओट्यावर आणून ठेवली असती, तरी धार केसभरही वाढली नसती. पाणी अधिक दिवस पुरलें असतें, एवढेंच.

पण उंची हें झालें एक अंग. दुसरें म्हणजे वाट. अरुंद वाटेंत पाण्याचा जोर घर्षणानें खर्ची पडतो, आणि तो किती पडतो हें आपल्या अंदाजाबाहेरचें आहे. नळीचा व्यास निम्मा झाला तर पाणी निम्मेंच येईल असें वाटतें. वस्तुतः तेवढ्याच उंचीवर व तेवढ्याच लांबीच्या नळींतून तें पांच-सहा पटींनीं कमी येतें. उंचीची उणीव आणि वाटेंतील अडथळा हे दोन निराळे रोग होत. लक्षण मात्र दोहोंचें एकच, बारीक धार. पंप हें पहिल्याचें औषध. दुसऱ्यावर तो चालविला तर कुजलेल्या नळीवर अधिक ताण, इतकेंच फळ.

रविवारीं मीं दहा लिटरांची बादली व घड्याळ घेतलें. नववींत शिकणारा पुतण्या लेखक झाला. खालच्या न्हाणीघरांत बादली ५० सेकंदांत भरली. माडीवरच्या न्हाणीघरांत तीच भरावयास ४ मिनिटें १० सेकंद लागले. मग खालचे सर्व नळ बंद करून, पत्नीस कशासही हात न लावण्याची विनंती करून, माडीवर पुनः मोजलें. ४ मिनिटें ५ सेकंद. पांच सेकंदांचा फरक! भावजय दारांतच उभी होती; ती कांहीं बोलली नाहीं, पण खालीं जाऊन तिनें माझ्या पत्नीस चहा करून दिला.

नंतर जें आधींच करावयास हवें होतें तें केलें. माडीवरील स्वयंपाकघराचा नळ मोजला. तेथें १ मिनिट २५ सेकंद! म्हणजे टाकी ठीक, टाकींतून उतरणारी मोठी नळी ठीक. दोष न्हाणीघराकडे जाणाऱ्या फांटेवाटेंतच कोठें तरी दडलेला. एक नळ मंद कीं सगळे, गार पाणी मंद कीं केवळ ऊन, नेहमीं कीं विशिष्ट वेळीं, हे तीन प्रश्न आधीं विचारले तर अर्धें निदान पलंगावर बसून होतें. ऊन पाणी तेवढें मंद असेल तर गीझर व त्याच्या तोंडची झडप पाहावी. कूपनलिकेचें जड पाणी असलें तर तेथें क्षारांचा थर हटकून बसतो.

तरीही भावाचें समाधान होईना. "पण प्रेशर नाहीं असें तो म्हणाला," हें त्याचें पालुपद. म्हणून एक पारदर्शक नळी न्हाणीघराच्या तोटीस घट्ट बांधली, खिडकींतून बाहेर काढली, व पुतण्यानें दोरीनें ती गच्चीवर ओढून टाकीजवळ उभी धरली. तोटी उघडतांच पाणी नळींतून सावकाश चढूं लागलें आणि बरोबर टाकींतील पाण्याच्या पातळीस येऊन थांबलें. दाब होता, पुरता होता! स्थिर पाण्यास घर्षण नसतें, म्हणून अडथळा असूनही तें आपली पातळी गांठतें. वाहूं लागलें कीं मात्र अडतें. भाऊ त्या नळीकडे बराच वेळ पाहत राहिला.

आतां अडथळा शोधावयाचा. हाताच्या धुणपात्रावरील तोटीची जाळी फिरवून काढली, तिच्यांत वाळू व गंजाचे कण. ती धुतांच तेवढा नळ सुधारला. ही जाळी प्रत्येक गृहिणीस पांच मिनिटांत धुतां येते, आणि बहुतेक घरीं ती आहे हेंच कोणास ठाऊक नसतें. बादलीच्या नळास त्याचा उपयोग झाला नाहीं. दुसऱ्या दिवशीं एक वृद्ध कारागीर आला. त्यानें बाहेरच्या भिंतीवरील झडप उघडली. तिचा दांडा फिरत होता, पण आंतील पाती त्यापासून सुटून अर्ध्या वाटेंत लोंबकळत राहिली होती. बाहेरून झडप पूर्ण उघडी, आंतून अर्धी बंद. पुढें खिडकीच्या चौकटीवरून जाणारी चार हात लांबीची जस्त चढविलेली लोखंडी नळी त्यानें कापली व तुकडा माझ्या हातीं दिला. अर्ध्या इंचाच्या त्या नळींत पेन्सिल जेमतेम जाईल एवढें भोंक उरलें होतें. बाकी सारा गंजाचा पुंजका. जस्ताचा थर झिजला कीं लोखंड आंतून असें फुलत जातें. पन्नास वर्षें तें फुलत होतें, आणि आम्हीं एकमेकांच्या बादल्या मोजीत होतों.

नवी झडप व सीपीव्हीसीची पाऊण इंची नळी बसली. सगळे जमले. तोटी उघडली, आणि थेंबही आला नाहीं! भावजयीचें तोंड उतरलें. म्हातारा मात्र हंसला. खिडकीवरून नळी चढून पुनः उतरते. टाकी रिकामी केली होती तेव्हां त्या उंचवट्यांत हवा शिरून बसली होती, व अडीच मीटरांच्या दाबास ती हटविणें जमेना. त्यानें पंप चालवून त्याच्या नळीचें पाणी न्हाणीघराच्या तोटींतून उलट सोडलें. गच्चीवरच्या टाकींत बुडबुडे आले, आणि वाट मोकळी झाली. पुनः असें होऊं नये म्हणून उंचवट्यावरून एक बारीक उभी नळी टाकीच्या पाण्याहून उंच नेऊन तिचें उघडें तोंड खालीं वळविलें.

त्या नळीस काय म्हणावें तें मला तत्काळ सुचलें. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळीं, कात्रजच्या तलावांतून पुण्याच्या हौदांस पाणी आणणारा नळ बांधला गेला. त्यांत पंप कोठला? सारा कारभार उताराचा. त्या नळावर वाटेंत ठिकठिकाणीं उच्छ्वास बांधलेले होते. नळांतील वारा बाहेर पडावा म्हणून योजिलेल्या बांधकामास इतका नेमका शब्द देणाऱ्या कारागिरांचें मला नेहमींच कौतुक वाटत आलें आहे. आमच्या गच्चीवर आतां एक उच्छ्वास आहे.

माडीची बादली आतां १ मिनिट २० सेकंदांत भरते. खालच्याएवढी जलद ती भरणार नाहीं. वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत असतो, आणि अडीचाचें सहा होत नाहींत. वरून पडणाऱ्या फवाऱ्याचा शौक पुतण्यास असल्यास टाकी मीटर-दीड मीटर उंच करावी लागेल. तिचा भार गच्ची सोसेल कीं नाहीं हें मात्र जाणत्या अभियंत्यास विचारूनच. तेवढ्यानें न भागल्यास मग पंप. तो गच्चीवरच्या टाकीपुढें चालेल, रस्त्यावरील पालिकेच्या नळीस थेट कदापि लावूं नये. तशी मनाई तर आहेच. शिवाय पंपाच्या ओढीनें शेजाऱ्याचें पाणी तुटतें, आणि नळी कोठें फुटली असल्यास भोंवतालचें गटार आंत खेंचलें जातें.

सारा खर्च चार हजारांच्या आंत झाला. वेगळ्या टाकीचा विषय पुनः निघाला नाहीं. अठ्ठावीस हजारांचा तो कागद आईनें देवघराच्या फडताळांत तळाशीं घातला आहे. न्हाणीघराच्या दाराआड पुतण्यानें पेन्सिलीनें तारीख व सेकंद लिहून ठेविले आहेत. नरक चतुर्दशीस पहांटे अभ्यंगापूर्वीं त्यानें पुनः बादली लावली. १ मिनिट २६ सेकंद. गच्चीवर जाऊन टाकींत किती पाणी आहे तें पाहून ये, असें मीं त्यास सांगितलें आहे.