पॅनिंगमधला धूसरपणा नेमका कशामुळे?

रेसिंगच्या फोटोत बाइक स्पष्ट, मागचं धूसर. याचा सराव डोंबिवलीच्या घरडा सर्कलच्या फुटपाथवरूनही होतो. ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर. १/१००० शटरला बाइक १ सेंमी सरकते, चाकंही थिजल्यासारखी दिसतात. १/५० ला २० सेंमी. तेवढ्यात कॅमेरा तिच्यासोबत फिरवला, की मागच्या दुकानांच्या आडव्या रेघा होतात.

आता गंमत बघा. शटर प्रायॉरिटी मोडमध्ये शटर बदललं की अ‍ॅपर्चरही आपोआप बदलतं, आणि मोठ्या अ‍ॅपर्चरनंही मागचं धूसर होतं. मग श्रेय कोणाला? संध्याकाळच्या उजेडात मॅन्युअल मोडवर एफ/११ कायम ठेवा. शटर १/१२५, १/६०, १/३० करताना आयएसओ ४००, २००, १०० करा. प्रयोगाची आखणी म्हणजे हेच: दुसरं संभाव्य कारण आधी बांधून ठेवायचं.