मूत्राशय भरलंय, पण कळतच नाही
पुण्यात खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये १९७४ पासून मणक्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन होतं. व्हीलचेअर सगळ्यांना दिसते, लघवीचा प्रश्न दिसत नाही.

मज्जारज्जू दुखावला की मूत्राशय भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचत नाही. लघवी तुंबते, दाब मागे किडनीवर येतो. पूर्वी अनेकांचा जीव त्यातच जायचा.

मग भरवसा घड्याळाचा. हात चालत असतील तर डॉक्टरांकडून शिकून, साधारण दर ४ ते ६ तासांनी स्वतः कॅथेटर घालायचं, लघवी काढायची, नळी लगेच बाहेर. अमेरिकी डॉक्टर जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये दाखवलं की त्याला ऑपरेशन थिएटरसारखी निर्जंतुक तयारी लागत नाही. धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते.

बाहेर सोयीचं स्वच्छतागृह नाही म्हणून पाणीच कमी पिणं मात्र महागात पडतं. संसर्ग आणि मुतखडा, दोन्हींचा धोका वाढतो.